हरलेल्याची सही

व्यायामशाळा समितीचा कारकून जीवराम म्हणाला, "पहिलवानांनी कुस्त्या मारल्याचा पुरावा जोडा," तेव्हा मंदाला आधी हसूच आलं. पुरावा तिच्या शेजारी उभा होता. दारातून आत येताना त्याला एक खांदा पुढे करून यावं लागलं होतं. दोन्ही कान मोडून त्यांच्या गाठी झालेल्या, मान कुठे संपते आणि पाठ कुठे सुरू होते याचा पत्ता नाही, आणि सत्तावन्नाव्या वर्षीही बाकड्यावर बसले तर पलीकडच्या टोकाचा माणूस वर उचलला जावा असा देह. हे तिचे सासरे, निंबा पहिलवान. घरात आबा.

"वहिनी, अर्ज तुमचा झकास आहे," जीवराम म्हणाला. "अक्षर बघा किती सुरेख. पण सोबत काय जोडलंय? प्रमाणपत्र नाही, पदक नाही, पेपरातलं कात्रण नाही."

"यात्रेतल्या कुस्तीला कोण प्रमाणपत्र देतं हो? फेटा बांधतात, नारळ देतात."

"मग नारळ जोडा," जीवराम हसला. "फेट्याला टाचणी पुरायची नाही."

आबांना ऐकू गेलं, पण ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मंदाच्या कडेवर आठ महिन्यांची मिनू टेबलावरच्या दौतीकडे झेपावत होती. तिचा हात धरता धरता मंदाने विचारलं, "मुदत कधीपर्यंत?"

"सोमवार. संध्याकाळी पाच."

त्या दिवशी बुधवार होता.

जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यात नवी व्यायामशाळा होणार, तिच्यात लाल मातीचा आखाडा होणार आणि पोरांना शिकवायला वस्ताद नेमणार, ही बातमी मंदाच्या नवऱ्याने, गिरधरने, जानेवारीतच आणली होती. बातमी आणली आणि तो आपल्या टपालाच्या फिरतीवर निघून गेला. अर्ज लिहिणं, खेटे घालणं, साहेबांसमोर गोड बोलणं हे सगळं अमळनेरला बी.ए. झालेल्या बायकोकडे आलं. शिकलेली सून म्हणजे घरचा फुकटचा वकील.

पण मंदालाही ती जागा हवी होती, आणि ती फक्त आबांसाठी हवी होती असं म्हणणं खोटं ठरलं असतं. सासू गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, आबा धुळ्याहून मंदा-गिरधरच्या दोन खोल्यांत राहायला आले. तेव्हापासून ते दारालगतच्या लोखंडी खाटेवर बसलेले. पहाटे चारला उठायची सवय सुटली नव्हती आणि उठून करायला काही नव्हतं. डॉक्टरांनी रक्तात साखर सांगितली, भाकरी दोनवर आणल्या. एके काळी सकाळच्या जेवणाला अकरा भाकरी मोडणारा माणूस दोन भाकरींकडे असा बघायचा, की वाढणाऱ्याचाच हात चोरटा व्हावा. डावा गुडघा केव्हा दगा देईल याचा नेम नव्हता. आणि ते मिनूला एका तळव्यावर बसवून वर उचलायचे. मिनू खिदळायची. मंदा मात्र मिनू खाली येईपर्यंत दोन्ही हात पुढे धरून उभी असायची. स्वतःच्या अंघोळीला जाताना ती मिनूला न्हाणीत नेऊन पाटावर बसवायची, पण आबांजवळ सोडायची नाही. त्यांना ते कळत असणार. ते काही बोलायचे नाहीत, म्हणून तर तिला जास्त चीड यायची.

गुरुवारी दोघं मिनूला घेऊन एस.टी.ने धुळ्याला गेले. ज्या तालमीत आबांची पंचवीस वर्षं गेली, तिथे आता व्हिडिओ पार्लर होतं. दारावर बंदूक रोखलेल्या हिरोचं चित्र. तिथले लोटन वस्ताद केव्हाच गेलेले. आबा नोकरीला होते त्या गिरणीत चौकशी केली तर जुन्या रजिस्टरात नाव सापडलं, नावापुढे लिहिलेलं, 'पहारेकरी'. मंदा म्हणाली, "अहो, ते पहारेकरी नावाला. मालकांनी कुस्तीसाठी ठेवले होते." बाबूने चष्म्यावरून बघितलं. "असतीलही. इथे पहारेकरी आहे." परतताना तालमीशेजारचा पानवाला आबांकडे निरखून बघत म्हणाला, "तुम्ही निंबा पहिलवानाचे भाऊ का? तो बिचारा वारला म्हणे."

"हा," आबा म्हणाले, "वारना." आणि चालायला लागले.

बसमध्ये मंदाने विचारलं, "आबा, तुम्हाला लढताना पाहिलेलं कुणीच उरलं नाही का?"

आबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "एक शे. पन तो कसाले सांगी?"

तो म्हणजे दोंडाईच्याचा झुलाल.

वजनी पहिलवानाचं दुःख हलक्या पहिलवानाला कळत नाही. नरडाण्याजवळच्या खेड्यात वाढलेला निंबा सोळाव्या वर्षी धुळ्याला आला आणि बाविसाव्या वर्षी एकशे अठरा किलो भरला. त्यानंतर त्याची खरी पंचाईत सुरू झाली, कारण त्याच्या जोडीला जोड मिळेना. यात्रेत जायचं, लंगोट कसून आखाड्याच्या कडेला बसायचं, पंचांनी डफ वाजवत त्याला फिरवायचं, "आहे का कुणी?" म्हणून पुकारायचं, आणि कुणीच उठायचं नाही. मग एक नारळ हातात देऊन बोळवण. कितीतरी यात्रांत तो न लढता परत आला. उभ्या खानदेशात त्याच्या वजनाचा एकच गडी होता, झुलाल. त्यामुळे आयुष्यात दोघं एकमेकांशीच लढले. चार वेळा. तीन वेळा पंचांनी अंधार पडला म्हणून बरोबरीत सोडवली. चौसष्ट साली, झुलालच्याच गावच्या यात्रेत, निंबाने त्याची पाठ मातीला लावली. पुढे दहा वर्षांनी गुडघा गेला आणि सगळंच थांबलं. करिअर म्हणावं तर एवढंच, पण त्या एका दुपारी दोंडाईच्याच्या झाडांवर माणसं लटकली होती म्हणे.

शनिवारी सकाळी सुरतकडच्या पॅसेंजरमध्ये मंदा पिशवी मांडीवर घेऊन बसली. पिशवीत उकळलेल्या पाण्याची बाटली, ग्राइप वॉटर, सहा लंगोट, दुपटी आणि सगळ्यात खाली मिनूची झोळी. पाळण्यात मिनू झोपत नसे, मांडीवर झोपत नसे. कुठेही कडीला ती झोळी बांधली की पाच मिनिटांत डोळे मिटायची. गावाला जाताना मंदा एक वेळ स्वतःची साडी विसरली असती.

नरडाणा आलं. तारेच्या कुंपणापलीकडे कारखान्यांच्या नव्या शेड दिसत होत्या. आबांनी बोट दाखवलं. "आठे कुस्तीनं मैदान व्हतं."

आणि मग, दोन वर्षांत बोलले नसतील इतके ते बोलायला लागले. चौसष्टची कुस्ती. झुलालच्या गावाला इतकी खात्री, की जिंकणाऱ्याला बांधायचा फेटा त्यांनी आधीच आणून त्याच्या आईकडे दिला होता. भगवा, जरीकाठी. ती भिकुबाई अडाणी. तिने मास्तरांकडून कोळशाने एक अक्षर काढून घेतलं आणि फेट्याच्या कोपऱ्यात लाल धाग्याने भरलं. झु. "आनि बांधा कोनाले? माले!" आबांच्या पोटातून हसू गडगडलं. "दुसरा फेटाच नव्हता गावमा. झुलालनं नाव मना डोकावर. तो फेटा पेटीमा शे आजून. मी उघाडत नही. पन शे."

मंदाने मांडीवरची पिशवी घट्ट आवळून धरली.

मिनूच्या बारशाच्या वेळी मऊ जुनं कापड कुठे मिळेना, तेव्हा गिरधरने माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीकडे बोट दाखवलं होतं. "आबांचे फेटे पडलेत तिथे, घे एखादा. ते काय आता बांधतात?" सगळ्यात वरचा भगवा होता. परक्यांच्या हातांतलं, किती वर्षांचं, कुणाच्या डोक्याचं कापड, म्हणून मंदाने तो सोडा टाकून तीनदा उकळला. भगवा रंग उतरून कढीसारखा झाला. जर टोचेल म्हणून काठ काढून टाकला. कोपऱ्यात लाल धाग्याची टणक खूण होती. तिला वाटलं, परटाची असेल. बाळाच्या गालाला लागेल म्हणून बसून एकेक टाका उसवला. अर्ध्याची झोळी केली, अर्ध्याचे लंगोट. मिनूच्या अंगावर आता होता तोही त्यातलाच.

सांगावं का? शिंदखेडा येईपर्यंत तिने तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिनूचं नाक पुसलं. आज सांगितलं तर आबा पुढच्या स्टेशनावर उतरतील, आणि मग सोमवार कुठला? सही होऊ दे, घरी गेल्यावर सांगू, असं तिने ठरवलं.

झुलालचं घर म्हणजे मिरचीचं खळं. अंगणभर लाल मिरची वाळत टाकलेली. फाटकातच मिनूला तीन शिंका आल्या आणि मंदाने तिचं तोंड पदरात घेतलं. ओट्यावर एक उंच, हाडं मोठी पण मांस उतरलेला म्हातारा बसला होता. कान आबांच्याच कानांसारखे.

"आरे, तू मरना नही का आजून?" तो ओरडला.

"तुले खांदा देवाले थांबेल शे," आबा म्हणाले.

दोघांनी एकमेकांच्या दंडावर अशा थापा मारल्या, की मंदाला वाटलं पाचवी कुस्ती इथेच सुरू होते. झुलालनानांची बायको भागाबाई, मंदा तिला अक्का म्हणाली, लगबगीने बाहेर आली. "माय व, लेकरूले ठसका लागी ना! मधमा आन तिले." आतल्या खोलीत तिने मंदाच्या हातून पिशवी घेतली आणि मंदा 'नको, नको' म्हणेपर्यंत तळातून झोळी ओढून काढलीसुद्धा. "आशी झोयी मना लेकरंसले बी व्हती." आढ्याच्या कडीला तिने सराईतपणे गाठ मारली. प्रवासाने चिडलेली मिनू आत पडली आणि लगेच शांत झाली. त्या खोलीतच खाट होती. दोन्ही पहिलवान त्याच खाटेवर येऊन बसले, झोळीपासून हातभर अंतरावर.

चहा झाला. मंदाने काम सांगितलं. व्यायामशाळा, वस्तादाची जागा, पुरावा. झुलालनाना ऐकत गेले, आणि मग ठसका लागेपर्यंत हसले.

"म्हंजे मी हारनू, हाई मीच लिखी देऊ?"

"तुनाशिवाय कोनाले माहीत शे?" आबा म्हणाले.

"पंचवीस वरीस व्हयनात. मना नातूसले मी सांगेल शे, चारी कुस्त्या बरोबरीमा सुटन्यात म्हनीसन. आनि आते कागदवर सही करू?"

"नाना," मंदा म्हणाली, "कागद जळगावलाच राहील. तुमच्या नातवांना कोण दाखवतंय?"

"वकील आनी रे ही!" नाना आबांना म्हणाले. थोडा वेळ दाढी खाजवत बसले. मग आवाज उतरला. "करस सही. पन तो फेटा माले दखाड. मना मायनी एकच अक्षर भरं व्हतं उभा जनममा. ती गयी त्याले आते बारा वरीस. एकदाव हातमा दे, मंग जठे सांगशी तठे सही."

"पेटीमा शे. जळगावले," आबा म्हणाले. अगदी शांतपणे, खात्रीने.

"मंग लई ये."

"सोमवारी मुदत संपते, नाना!" मंदाचा आवाज चढला. "आज जाऊन उद्या परत कसं येणार? फेटा नंतर पाठवते. सही आज करा."

"आधी फेटा."

"झुलाल, मनावर इस्वास नही का तुना?"

"शे ना. पन डोयास्नी देखू दे."

इथे मिनू चुळबुळली. मंदा उठली, पण नाना जवळ होते. त्यांनी बसल्या जागेवरून हात लांब करून झोळी हलवली, जशी कुठलाही आजोबा हलवेल. दोन झोके दिले. तिसऱ्या झोक्याला त्यांचा अंगठा कापडावर थांबला. त्यांनी कापड बोटांत चोळलं. मग कडेने चाचपत चाचपत कोपरा शोधला आणि उजेडाकडे ओढला.

धागा मंदाने काढला होता, पण उकळताना त्याचा कच्चा लाल रंग कापडात उतरला होता. फिकट, गुलाबी, वेडंवाकडं. झु.

नानांनी तो कोपरा आबांपुढे धरला.

"पेटीमा शे, नही का?" नाना म्हणाले. "खोटं कसाले बोलना रे निंबा? पहिलवान व्हता तू."

आबांना नीट दिसत नव्हतं. ते वाकले, कोपरा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. मंदाने त्यांच्या मानेवरची शीर बघितली आणि तिच्याच्याने राहवलं नाही.

"आबांना ठाऊक नव्हतं. मी काढला पेटीतून. मला माहीत नव्हतं कसला आहे. मीच उकळला, मीच फाडला. धागासुद्धा मीच उसवला, मिनूच्या गालाला टोचेल म्हणून."

"तू मनी पेटी उघाडी?"

एवढंच. पुढे शिवी आली असती तर बरं झालं असतं. आबा उठले, भिंतीला हात लावून गुडघा सरळ केला, आणि बाहेर जाऊन मिरच्यांकडे तोंड करून ओट्यावर बसले. दारातून त्यांची पाठ दिसत होती. दार पुरं भरलं होतं.

भागाबाई दारामागून म्हणाली, "माय, तुनी तरी इचारानं व्हतं."

आणि मंदाचा तोल गेला. चार दिवस ती कडेवर पोर घेऊन एस.टी. आणि आगगाड्या बदलत होती. व्हिडिओ पार्लरवाला, गिरणीचा बाबू, पानवाला, नारळ जोडा म्हणणारा तो जीवराम, सगळ्यांसमोर तिने तोंड वेंगाडलं होतं. आणि आता एका चिंधीवरून दोन म्हातारे गाल फुगवून बसणार!

"कुणाला विचारायला हवं होतं, अक्का? दोन वर्षांत हे माझ्याशी चार शब्द बोलले नाहीत! पेटीत काय आहे ते सांगायला तोंड नव्हतं का? आज गाडीत सांगतात! चूक माझी आहे. मला शिव्या द्या, हात उगारा, काय करायचं ते करा. पण सोमवारी पाचला ती खिडकी बंद होईल, आणि हे पुन्हा त्या खाटेवर बसतील, आणि मरेपर्यंत बसतील. नाना, तुम्ही हरला होता की नव्हता?"

नानांनी तिच्याकडे बघितलं. बाहेरची पाठ हलली नाही.

"हारनू व्हतू," नाना म्हणाले. "काढ कागद."

तिने पिशवीतून वही काढली. मांडीवर वही नीट टेकत नव्हती, त्यामुळे पहिली ओळ वाकडी गेली. नाना सांगायला लागले. गाव, साल, यात्रेचा दिवस. "लिख. कुस्ती दीड तास चालनी."

"सव्वा," बाहेरून आवाज आला. पाठ तशीच.

"दीड!"

"सव्वा. डफवालाले इचार."

"डफवाला मरी गया."

"म्हनीसनच तू दीड सांगस."

मंदाने लिहिलं, 'तासाहून अधिक वेळ'.

"आते लिख," नाना म्हणाले, "मना पाय सरकना."

बाहेरची पाठ एकदम वळली. "पाय सरकना नही! मी ढाक मारी!"

"पाय सरकना म्हनीसन तुनी ढाक लागनी. सकायले पानी शिपडेल व्हतं आखाडामा."

"पानी दोन्हीस्ना पायखाले व्हतं!"

"लिख व पोरी. पाय सरकना. नहीतर सही नही."

मंदाने पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग लिहिलं: 'लढतीत माझा पाय सरकला असता निंबा पहिलवान यांनी ढाक हा डाव टाकून मला चितपट केले. माझी पाठ मातीस पूर्ण लागली. मी हरलो. खानदेशात त्यांच्याएवढा वजनी व ताकदीचा मल्ल मी पाहिला नाही.' मोठ्याने वाचून दाखवलं. दोघांनाही पटलं नाही. म्हणजे बरोबर असणार, असं तिने धरलं.

नानांनी वही मांडीवर घेतली. पेन कागदाला लावलं आणि थांबले.

"हाई माले दे," झोळीकडे मान करून ते म्हणाले.

"ती... तिला दुसऱ्या कशात झोप येत नाही, नाना."

"मनी मायना हातनं शे ते."

मंदाने आबांकडे बघितलं. ते पुन्हा मिरच्यांकडे वळले होते. कुणी काही सांगणार नव्हतं. तिने गाढ झोपलेल्या मिनूला उचललं. मिनूने डोळे उघडून एकदा खोलीभर बघितलं आणि टाहो फोडला. भागाबाईने गाठ सोडली, कापडाची घडी करून नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. नानांनी घडी उलटून तो कोपरा वर घेतला. मग सही केली. मोठी, वळणदार, झु पासून सुरू होणारी.

परतीच्या गाडीत मिनू जळगावपर्यंत रडली. पदराची झोळी करून पाहिली, चालून पाहिलं, ग्राइप वॉटर दिलं. समोरच्या बाकावरची बाई म्हणाली, "नजर लागली असेल, मीठ-मोहरी ओवाळा." धरणगावच्या पुढे लंगोट बदलायचा म्हणून मंदाने मिनूला क्षणभर आबांच्या मांडीवर ठेवलं आणि बदललेला धुऊन परत आली, तर आजोबा आणि नात दोघं लालबुंद होऊन एकमेकांकडे बघत होते. मिनू आवाज करून रडत होती, एवढाच फरक.

सोमवारी दुपारी तिने कागद दिला. जीवरामने वाचला, पुन्हा वाचला, शेजारच्याला दाखवला. "वहिनी, हरलेल्याचं प्रमाणपत्र! अशी जोडणी मी जन्मात पाहिली नाही." पण शिक्का मारला.

मग सुरू झालं वाट बघणं. आबा गिरधरमार्फत बोलायचे. मंदा समोर बसलेली असताना म्हणायचे, "गिरधर, तुनी बायकोले सांग, आमटी आळनी शे." गिरधर इकडून तिकडे मान वळवून दमला. मंदाने बाजारातून मऊ सुती कापड आणलं, उकळलं, झोळी बांधली. मिनू तिच्यात पाय झाडत राहायची. दुपारी घरात तिघं जागे: एक खाटेवर, एक झोळीत, एक दोघांच्या मधे.

तिसऱ्या आठवड्यात पाकीट आलं. जाडजूड होतं, म्हणून मंदाने घाईने फोडलं. समितीने मातीऐवजी गाद्यांवरचं प्रशिक्षण देण्याचं ठरवलं होतं. त्यासाठी पदविकाधारक शिक्षकाची नेमणूक झाली होती. आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभार. मूळ कागदपत्रे सोबत परत.

मंदा तशीच उभी राहिली. तिला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर? तिने ते पत्र आबांसमोर नेऊन मोठ्याने वाचलं, प्रत्येक शब्द दातांखाली धरून. वाटत होतं, ते आता उठतील, काहीतरी फेकतील, निदान एक खुर्ची मोडतील. ती त्यांच्याबरोबर चिडायला तयार होती.

आबांनी विचारलं, "दुसरा कागद काय शे?"

तीन आठवड्यांत थेट तिला विचारलेला तो पहिला प्रश्न.

"नानांचा. परत आलाय."

"वाच."

तिने वाचलं. स्वतःचंच अक्षर, पहिली ओळ वाकडी. यात्रा, साल, तासाहून अधिक वेळ. आबा डोळे मिटून ऐकत होते, पायाचा अंगठा जमिनीवर दाबत. ती 'माझा पाय सरकला असता' इथे आली आणि डोळे उघडले.

"पाय सरकना नही."

"आबा, आता काय फरक पडतो? जागा गेली."

"जागा गयी ते गयी. कागद ऱ्हाई ना? उद्या हाई पोर वाची. म्हनी, आजोबानी पाय सरकेल मानूसले पाडं. खोडी टाक ते."

"सही झाली आहे त्याच्यावर. खोडता येत नाही."

आबा खाटेवरून उठले. गुडघा कटकन वाजला. त्यांनी खुंटीवरचा सदरा ओढला आणि बाहीत हात घातला. झोळीत मिनूचा आवाज तापायला लागला होता.

"मंग मी जास दोंडाईचाले. त्याले समोर बसाडीसन खोडी लेस." दुसऱ्या बाहीशी ते झगडले, मोडलेला कान कॉलरमध्ये अडकला. "आनि ती झोयी बी लई येस. ती पाडीसन जिकेल शे मी. त्याना बापनी नही शे."

मंदाने मिनूला उचलून खांद्यावर टाकलं आणि कॅलेंडरमागे खोचलेलं गाड्यांचं वेळापत्रक काढलं. पॅसेंजर निघायला चाळीस मिनिटं होती, आणि पिंप्राळ्यातला कुठलाही रिक्षावाला आबांना शेजारी दुसरी सवारी घेऊन नेत नसे, म्हणजे अख्खी रिकामी रिक्षा शोधायची.

"दोन भाकरी बांधून देते," ती म्हणाली.

"चार बांध," आबा म्हणाले.